नकार पुढच्या महिन्यात

"एका महिन्यात इंग्रजी बोलून दाखवीन," काजवाल्या काकूंनी काकांना सांगितलं, "नाही बोलले तर पुन्हा सुईत दोरा ओवणार नाही."

काका वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता म्हणाले, "म्हणजे गावाने कोट पुढून हाताने धरून चालायचं."

ही नुसती थट्टा नव्हती. शिंप्यांच्या त्या गल्लीतले झाडून सगळे कोट काजांसाठी काकूंकडे यायचे. मशीनवर काजं करून देणारे निघाले होते, पण भारी कापडाला मशीन लावू द्यायची कुणाची छाती नव्हती. काकू आधी टोकदार कात्रीने नेमकी चीर द्यायच्या, दोऱ्याला मेण लावायच्या आणि चिरेच्या कडेकडेने एकेक टाका असा गाठ मारत बसवायच्या, की काज पापणीसारखं मिटायचं नि उघडायचं. त्यांच्या हाताखालून गेलेल्या कोटांचं कापड विरलं, अस्तर फाटलं, आतला माणूस म्हातारा झाला, पण काज उसवलं नाही.

आता एवढं चांगलं चाललेल्या बाईला उतारवयात इंग्रजीची कुठून आठवण झाली? तर मुलामुळे. मुलगा परगावी पुलांचे नकाशे काढायच्या नोकरीत होता. तिथे त्याचं एका मुलीशी जमलं. मुलीची भाषा वेगळी, याची वेगळी. जे काही जमलं ते सगळं इंग्रजीत जमलं. मुलीला वडील नव्हते. आई होती, आणि ती आई महिन्याभरात काकूंना भेटायला येणार होती. हे सगळं सांगायला मुलगा घरी आला तेव्हा काकूंना आनंदच झाला. पण रात्रीचं जेवण झाल्यावर त्या आत भांडी आवरत होत्या आणि बाहेर मुलगा दबक्या आवाजात काकांना म्हणाला, "आईला सांगा, नुसतं हसत राहा म्हणावं. बाकी मी सांभाळतो."

मुलगा वाईट नव्हता. आईची फजिती होऊ नये, एवढंच त्याच्या मनात होतं. पण काकूंना ते लागलं. सुई टोचल्यासारखं नाही, सुई काय त्यांना रोजच टोचायची. ते लागलं अंगरख्याचं बटण तुटावं तसं. जिथे आपण घट्ट बसलोय असं वाटत होतं, तिथे हात लावून बघावं तर नुसता दोरा लोंबतोय. नुसतं हसत राहायचं! मुलाच्या घरात कोपऱ्यातल्या फुलदाणीसारखं उभं राहायचं, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला दात दाखवायचे. तेही स्वतःचे असते तर गोष्ट वेगळी होती.

सायकलच्या दुकानाच्या माडीवर एक मास्तर संध्याकाळी मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवायचे. मास्तर उमेदीत जहाजावर होते, आणि परक्या बंदरात माणसाचं कोणत्या शब्दावाचून अडतं याचा त्यांनी आयुष्यभर विचार केला होता. त्यातून त्यांचं मत असं झालं होतं, की नकार माणसाला शिकवावा लागत नाही. तान्हं मूल दूध नको असलं की मान फिरवतं, त्याला काय कुणी धडा दिलेला असतो? म्हणून पहिला महिनाभर फक्त होकार. 'नाही'चे सगळे धडे पुढच्या महिन्यात. तोवर वर्गात जो 'नो' म्हणेल त्याने भिंतीशी उभं राहायचं.

शिकवणं चालायचं लोकरीच्या गुंड्यावर. सगळ्यांनी गोल बसायचं. एकाने गुंडा फेकायचा आणि विचारायचं, "कॅन यू सिंग?" म्हणजे तुम्हाला गाता येतं का? ज्याच्याकडे गुंडा येईल त्याने तो झेलता झेलता म्हणायचं, "येस, आय कॅन." आणि लगेच तो पुढे फेकत दुसऱ्याला विचारायचं, "कॅन यू ड्राइव्ह?" मध्ये विचार करायला थांबलं की गुंडा खाली, आणि गुंडा पडला की वाक्य मेलं, असं मास्तर म्हणायचे. पहिल्याच दिवशी काकूंनी विचारलं, की ज्याला गाता येत नाही त्याने काय म्हणायचं?

"बाई, वाक्य बरोबर असलं की झालं," मास्तर म्हणाले. "खरंखोटं ज्याचं त्याने घरी जाऊन बघावं."

मग काय विचारता! आठवड्याच्या आत लठ्ठ बेकरीवाल्याला घोड्यावर बसता येऊ लागलं, पोस्टातल्या बाई ट्रक चालवू लागल्या, आणि काकू व्हायोलिन वाजवत डोंगर चढू लागल्या. प्रत्येक उत्तराला सगळा वर्ग टाळ्या वाजवायचा. इतक्या टाळ्या काकूंना जन्मात मिळाल्या नव्हत्या. काजाला कोण टाळ्या वाजवतो?

घरी कोटावर वाकून त्या टाक्याटाक्याला एकेक वाक्य म्हणायच्या आणि मध्येच हात थांबवून समोर बघत राहायच्या. त्यांना त्या एका शब्दाचं नवल वाटायचं. आपण म्हणतो, मला पोहता येतं, मला गाता येतं. म्हणजे पोहणं, गाणं, काज करणं हे कुठून तरी आपल्याकडे येतं. पाहुण्यासारखं. आलं तर आलं, नाही तर आपण आपल्या दारात उभ्याच. काजाचंही तसंच झालं होतं. आईने कितीदा शिकवलं तरी जमत नव्हतं, आणि एका दुपारी ते आपणहून आलं नि कायमचं राहिलं. इंग्रजीत मात्र असं ताटकळणं नाही. आधी 'आय', छाती पुढे काढून. मग 'कॅन', टाचणीएवढा शब्द. आणि त्या टाचणीला जगातलं काहीही टाचता येतं. गाणं टाचा, घोडा टाचा, विमान टाचा!

"अहो, हत्ती बांधला तरी तुटत नाही हो तो शब्द," त्या काकांना म्हणाल्या.

काका म्हणाले, हत्ती घरात आल्यावर बघू.

अडचण एकच होती, वरच्या दातांची कवळी. ती बसवली तेव्हाच जराशी सैल होती, आणि काकूंचं तोंड वयाबरोबर सुकत चाललं तशी आणखी सैल झाली. 'कॅन' म्हणताना जबडा उघडला की ती खाली यायची, आणि जिभेने ती वर ढकलली की खट्ट आवाज यायचा. त्यामुळे काकूंचं वाक्य "येस, आय कॅन, खट्ट" असं व्हायचं. मास्तरांना तो काकूंचा खास उच्चार वाटायचा. वर्गातल्या दोघाचौघांनी तो उचललाही होता.

शेवटी तो दिवस आला. मुलगी आली, तिची आई आली. मुलगी हसरी, बारीक, मराठीतला 'बरं' एवढा एकच शब्द शिकून आलेली आणि तो सगळीकडे वापरणारी. तिची आई, म्हणजे होणाऱ्या विहीणबाई, उंच आणि गंभीर. त्या दवाखान्यांसाठी काहीतरी बारीक काम करतात एवढंच मुलाने सांगितलं होतं. काकूंनी मनात ठरवलं, बाई डॉक्टर असणार. आणि बसल्यापासून विहीणबाई टक लावून काकूंच्या तोंडाकडेच बघत होत्या. काकूंना वाटलं, आपले उच्चार तपासतायत. त्या सावरून बसल्या आणि कवळी जिभेने दाबून धरली. काकूंची नजर मात्र विहीणबाईंच्या जाकिटाच्या काजांवर होती. मशीनची काजं होती, आणि तिसरं उसवत चाललं होतं.

मुलगा मध्ये बसून इकडचं तिकडे करत होता. काका मान डोलावत होते. काकू हसत होत्या. सगळं अगदी मुलाने ठरवल्याप्रमाणे चाललं होतं. मग त्याला आठवलं, की कोपऱ्यावरच्या दुकानात केक सांगून ठेवलाय, आणि तो मुलीला घेऊन तो आणायला गेला. काकांनी वर्तमानपत्र उघडलं आणि त्याच्या आड डोळे मिटले.

दोघी बायका समोरासमोर राहिल्या. काकूंनी केकसाठी मांडलेल्या बशा सरळ केल्या. विहीणबाईंनी रुमालाची घडी मोडून पुन्हा घातली. आणि मग एकदम पाठ ताठ करून, परीक्षेला बसल्यासारख्या, त्या म्हणाल्या, "कॅन यू सिंग?"

काकूंचा हात आपोआप वर उठला, गुंडा झेलायला. "येस, आय कॅन," त्यांच्या तोंडून निघून गेलं, आणि फेकल्यासारखा हात करून त्यांनी विचारलं, "कॅन यू सिंग?"

"येस, आय कॅन," विहीणबाई म्हणाल्या.

काकू थक्क झाल्या. डॉक्टर असून गातात! मग त्यांनी ड्राइव्ह विचारलं. विहीणबाई गाडी चालवत होत्या. विहीणबाईंनी डान्स विचारलं, काकू नाचत होत्या. घोडा झाला, व्हायोलिन झालं, डोंगर झाला. प्रत्येक उत्तरासरशी दोघींचे डोळे मोठे होत होते. आपल्या मनात काकूंनी कधीच कबूल केलं होतं, की आपलं सगळं खोटं. पण ही बाई! हिच्या घरातली मुलगी आपल्या घरी येणार, आणि आपण हिला काय दाखवणार, मेणाचा गोळा आणि कात्री? मग माघार कशी घेणार? ही बाई जिथे जाईल तिथे एक पाऊल पुढे जायचं, दुसरं काय!

"कॅन यू स्विम?" विहीणबाईंनी विचारलं.

"येस, आय कॅन, खट्ट," काकू म्हणाल्या. "कॅन यू स्विम?"

"येस, आय कॅन."

दारात केकचा खोका घेऊन मुलगा उभा होता. त्याच्या चेहऱ्यावर असं काही होतं, की काकूंना क्षणभर तो पाचवीतला वाटला. वर्गातल्या मुलांना तो आईने त्याच्या सदऱ्यावर शिवलेला मोर दाखवत फिरायचा, तेव्हाचा.

"आई, तुला इंग्रजी येतं? आणि पोहता येतं?"

खरं सांगायची हीच वेळ होती. पण मुलाने असं बघून किती वर्षं झाली होती. काकू म्हणाल्या, "तू कधी विचारलंस का?"

आणि तिथून गाडी उताराला लागली. मुलीने आनंदाने हात जोडले आणि मुलाकरवी सांगितलं, की येताना रस्त्यात एक पोहण्याचा तलाव दिसला, उद्या सकाळी तिथे बायकांची वेळ आहे असं पाटीवर लिहिलं होतं. सगळ्यांनी जाऊ या. पोशाख तिथे भाड्याने मिळतात. तिने ते आपल्या आईला त्यांच्या भाषेत सांगितलं. विहीणबाईंच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. काकू मनात म्हणाल्या, काय ही बाई! पोहायचं म्हटल्यावर पापणीसुद्धा लवत नाही.

पाहुण्या लॉजवर गेल्यावर काकूंनी काकांना सगळं सांगितलं. काका बराच वेळ विचार करून म्हणाले, "ताप आण."

त्यापेक्षा मुलाला सरळ सांगावं असं ठरवून काकू उठल्या, तोच तो आत आला. त्याच्या हातात नवीकोरी रबरी टोपी होती, निळी. ती आईच्या हातात देऊन तो खाली बघत म्हणाला, "मी बाबांना म्हणालो होतो, आईला नुसतं हसायला सांगा म्हणून. चुकलंच माझं. मला माझी आईच ठाऊक नव्हती."

आता सांगा, हे ऐकल्यावर कोणती आई तोंड उघडेल?

काकू तशाच सायकलच्या दुकानाची माडी चढल्या. वर्ग भरला होता. दम न घेता त्या म्हणाल्या, की मास्तर, मला आजच्या आज नकार शिकवा. कशासाठी, ते त्यांनी सांगायला सुरुवात केली, पण विहीणबाईंशी इंग्रजीत बोलले एवढं ऐकल्यावर मास्तरांचे डोळे पाण्याने भरले. त्यांच्या वर्गातलं माणूस घराबाहेर इंग्रजी बोलल्याची ही पहिलीच वेळ होती. वर्गाने टाळ्यांचा गजर केला. बेकरीवाला रडला. त्या गडबडीत पोहण्याचं कुणाच्या कानांवरच गेलं नाही. नकार तेवढा मास्तरांनी दिला नाही. महिना पुरा व्हायला अजून चार दिवस होते, आणि जहाजावरच्या माणसाला वेळापत्रक म्हणजे वेळापत्रक. पण काकूंचं तोंड बघून त्यांनी एक वाक्य द्यायचं कबूल केलं.

"आय विल बी एबल टू स्विम," मास्तर म्हणाले. "म्हणजे पोहणं अजून आलेलं नाही, पण येईल. यात 'नाही' कुठेही नाही, आणि हे वाक्य कधी खोटं ठरत नाही. मरेपर्यंत म्हणता येतं."

काकू ते वाक्य पदराच्या गाठीत बांधल्यासारखं घेऊन घरी आल्या. किती मोठी सोय करून ठेवलीय या भाषेत, त्यांना वाटलं. जे आत्ता नाही तेसुद्धा आपल्या नावावर करून ठेवता येतं.

सकाळी सगळे तलावावर गेले. बायकांची वेळ असल्याने मुलगा आणि काका वरच्या गॅलरीत, काचेच्या मागे जाऊन बसले. दाराशी एक दांडगी बाई गळ्यात शिट्टी अडकवून उभी होती. तिथे दहा भाषांच्या बायका यायच्या, म्हणून ती प्रत्येकीला एकच प्रश्न इंग्रजीत विचारायची आणि उत्तर ऐकून उजवीकडे नाही तर डावीकडे पाठवायची. उजवीकडे खोल पाणी, डावीकडे उथळ.

"कॅन यू स्विम?" तिने विहीणबाईंना विचारलं.

"येस, आय कॅन," विहीणबाई म्हणाल्या आणि उजवीकडे गेल्या.

काकूंची पाळी आली. त्यांनी नवं वाक्य जिभेवर आणून ठेवलं होतं. पण शिट्टीवालीने "कॅन यू" म्हणताच हात वर उठला, गुंडा झेलला गेला, आणि काय व्हायचं ते झालं. त्याही उजवीकडे. मुलीने मात्र मान हलवून सरळ "नो" म्हटलं. तिला मुळीच पोहता येत नव्हतं. तिला रबरी चाक देऊन डावीकडे पाठवलं. ती कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून आपल्या दोन्ही आयांकडे आदराने बघत राहिली.

खोल पाण्याच्या काठावर पोचल्यावर काकूंनी पाणी पाहिलं आणि त्यांचा श्वासच अडकला. भीतीने अडकला, पण नुसता भीतीने नाही. एवढं निळं, एवढं स्वच्छ पाणी त्यांनी कधी बघितलं नव्हतं. वरच्या तावदानांतून आलेलं ऊन तळाच्या फरश्यांवर हलत होतं, जणू कुणी पाण्याखाली रेशमाचं ठाण उलगडत होतं. आणि त्या ठाणावरून एक म्हातारी बाई, काकूंपेक्षाही म्हातारी, आरामात हात मारत पलीकडे चालली होती. तिच्याकडे पोहणं आलेलं होतं. केव्हातरी आलं असेल, आणि राहिलं असेल. काकूंना तिच्या पाया पडावंसं वाटलं.

वर काचेमागे मुलगा हात हलवत होता.

काकूंनी विहीणबाईंकडे बघितलं आणि दोन्ही हात पुढे करून, आधी तुम्ही, असं खुणेने सांगितलं. मुलीची आई ती, तिचा मान पहिला. विहीणबाईंनी मान हलवून, छे छे, आधी तुम्ही, अशी खूण केली. मुलाची आई ती. काकूंनी छातीवर हात ठेवून पुन्हा आग्रह केला. विहीणबाईंनी वाकून आग्रह केला. दोघींच्या आग्रहाने मागे रांग लागली. रांगेतल्या बायका घसा खाकरू लागल्या. शिट्टी वाजली. अशा वेळी काकूंच्या लक्षात आलं, की भाड्याच्या पोशाखात, पिवळ्या टोपीखाली, विहीणबाईंचे ओठ निळे पडलेत आणि गुडघे थरथरतायत. एवढ्या मोठ्या बाईचे गुडघे!

काकूंनी तिचा हात धरला. तो बर्फासारखा होता.

"आय विल बी एबल टू स्विम," काकू हळूच म्हणाल्या.

विहीणबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. ओठ हलले. त्यांनीही कुठून तरी एक वाक्य बांधून आणलं होतं. "आय," त्या म्हणाल्या, "आय कुड स्विम. स्मॉल. व्हेरी स्मॉल." आणि तळहात गुडघ्याशी नेऊन लहानपणीची उंची दाखवली. म्हणजे फार लहान होते तेव्हा यायचं.

काकूंना शब्द कळले नाहीत, पण तो गुडघ्याशी नेलेला हात कळला, आणि ते निळे ओठ कळले. एकीचं पोहणं होऊन गेलं होतं, एकीचं अजून व्हायचं होतं, आणि आत्ता या घटकेला पाण्याच्या काठावर दोघींत मिळून एकही पोहणारी नव्हती. आधी काकूंचं पोट हललं. मग विहीणबाईंचे खांदे हलले. मग दोघी अशा हसायला लागल्या की डोळ्यांतून पाणी आलं. व्हायोलिन आठवलं, हसल्या. घोडा आठवला, वाकून हसल्या. फरशी ओली होती. हात हातात होते. आणि त्या हसण्याच्या भरात, एकमेकींना सावरता सावरता, दोघी विहिणी धप्पकन खोल पाण्यात गेल्या.

आत काय झालं ते काकूंना पुढे कधी नीट सांगता आलं नाही. एवढंच म्हणायच्या, की आवाज एकदम बंद झाले, सगळीकडे निळं निळं झालं, आणि विहीणबाईंचा हात काही सुटला नाही. मग शिट्टीवाली बाई लांब काठी घेऊन धावली, तिच्या टोकाच्या कडीत दोघींना अडकवून तिने बाहेर ओढलं, आणि इंग्रजी सोडून स्वतःच्या भाषेत बरंच बोलली. काठावर बसून, खोकून खोकून पाणी काढून झाल्यावर काकूंनी जीभ वर नेली. कवळी नव्हती.

ती तळाला पडली होती. वरून स्वच्छ दिसत होती. फरशीवर बसून एकटीच हसत होती.

शिट्टीवालीने कचरा काढायच्या जाळीने ती वर आणली. काकूंना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. त्यांनी तोंडावर हात घेतला. पण विहीणबाईंनी ती जाळीतून उचलली आणि त्यांचा चेहराच बदलला. गुडघ्यांचं थरथरणं थांबलं. त्यांनी कवळी उजेडाकडे धरली, अंगठ्याने टाळूची बाजू चाचपली, कडा तपासली, आणि कुणी हे असलं काम केलं, अशा रागाने मान हलवली. मग काकूंचा हात तोंडावरून बाजूला करून त्यांनी हिरड्या अशा बघितल्या, जशा काकू कोटाची शिवण बघायच्या. डॉक्टर कसल्या! विहीणबाई कवळ्या बनवायच्या. सगळं आयुष्य त्यांनी लोकांचे दात घडवण्यात घालवलं होतं. काल त्या काकूंच्या तोंडाकडे बघत होत्या, त्या उच्चारासाठी नाही. ती खट्ट त्यांना सहन होत नव्हती.

कवळीकडे बोट दाखवून त्या म्हणाल्या, "आय कॅन."

या वेळी पाठ ताठ नव्हती, परीक्षेसारखा आवाज नव्हता. नुसतं सांगणं होतं.

महिनाभर काकूंनी हे दोन शब्द शेकडो वेळा ऐकले होते, पण खरे असल्यावर ते कसे वाजतात हे आज पहिल्यांदा ऐकलं. त्या उठल्या, खुंटीवरचं विहीणबाईंचं जाकीट काढलं, उसवलेलं तिसरं काज समोर धरलं, आणि बोळक्या तोंडाने, छातीवर बोट ठेवून म्हणाल्या, "आय कॅन."

बाहेर मुलगा धावत आला. काचेमागून ऐकू काही आलं नव्हतं, दिसलं तेवढं असं होतं, की दोघी आया हसत, हातात हात घालून खोल पाण्यात उतरल्या. शिट्टीवाली काठी घेऊन धावताना दिसली, ती नियम मोडला म्हणून असेल, असं त्याला वाटलं. त्याने आणि काकांनी वरून टाळ्या वाजवल्या होत्या. "आई, काय उडी मारलीस तू! कसं वाटलं? सांग ना."

काकू काय सांगणार? कवळी विहीणबाईंच्या पर्समध्ये, रुमालात गुंडाळलेली होती. तोंड उघडायची सोय नव्हती. त्यामुळे त्या दिवशी सगळा वेळ, मुलाने आधी सांगितलं होतं अगदी तस्संच, काकू नुसत्या हसत राहिल्या.

पुढच्या आठवड्यात विहीणबाईंनी नवी कवळी पाठवली. ती अशी बसली की काकूंची खट्ट गेली ती गेलीच. मास्तरांच्या वर्गात मात्र ती पुढे कित्येक वर्षं टिकून होती. काकू नकाराच्या धड्याला गेल्या नाहीत. म्हणाल्या, आता गरज नाही. दोघी विहिणी हयात असेपर्यंत एकमेकींशी बोलत राहिल्या, एक मराठीत, एक आपल्या भाषेत, मध्ये लागेल तिथे 'कॅन' टाचून. तासन्‌तास बोलायच्या. काय बोलतात ते त्यांच्या मुलांना कधी कळलं नाही.

हे सगळं मला काकूंनीच सांगितलं, काजं करता करता, थोडं थोडं, आणि मी ते 'बरं, बरं' म्हणत ऐकलं. सुरुवातीला त्यातलं अर्धं कळायचं नाही. मी आपली दार उघडं ठेवून बसायचे. मग एका दुपारी लक्षात आलं, की सासूबाई केव्हापासून बोलतायत आणि मला सगळं कळतंय. मी कुठे गेले नव्हते. मराठीच आली होती, आणि राहिली.

पोहणं मात्र अजून आलेलं नाही. ते रबरी चाक आहे माझ्याकडे.